व्हायोलिनं जुळवली

रेवा, कबीर, हे पत्र तुम्हा दोघांना. त्या रविवारी व्हिडिओ कॉलवर रेवानं विचारलं, "आजी, तुझ्या मागं भिंतीवर काय आहे?"

"माझ्या वडिलांची हलगी. औशात लग्नाच्या वरातींत ते..."

"आई, थांब." तुमच्या बाबांनी माझं बोलणं तोडलं. माझ्यादेखत तुमच्या आईकडं वळून फ्रेंचमध्ये म्हणाले, "आकॉर्दों नो व्ह्योलों." मग मला मराठीत, "नेट जातंय. ठेवतो."

नेट गेलं नव्हतं.

मी लातूरला आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. तुमच्याशी तुमच्या शाळेच्या भाषेत बोलता यावं म्हणून आता मोबाइलवर फ्रेंच शिकते. बाबांना ते ठाऊक नव्हतं. शब्द मला कळले: आपली व्हायोलिनं जुळवून घेऊ. वाटलं, तुम्हाला व्हायोलिन आणलं. अपमान गिळला. शेजारच्या कमलबाईंना सांगून आले. त्या हदगावच्या. म्हणाल्या, "हाव? म्हंजे तुमच्या बापाचा हात पोरायच्यात उतरला की."

पुढच्या रविवारी रेवा म्हणाली, "पणजोबा म्युझिक टीचर होते ना?" लगेच कबीर, "हो, म्युझिक टीचर." तेच शब्द. तोच सूर.

फोन ठेवून मी तो वाक्प्रचार शोधला. व्हायोलिनं जुळवणं म्हणजे सगळ्यांनी एकच काय सांगायचं, ते आधी ठरवून घेणं.

ठरवलं होतं ते माझ्या बापाबद्दल. खोटं.

औशाच्या एका लग्नात मी बापाबरोबर होते. गव्हाच्या काडाच्या जाळावर हलगी शेकून कातडं ताणायचं काम माझं. वरात पोचली. वाजवणं संपलं. नवरीचा चुलता म्हणाला, "ए हलगीवाल्या, पोरीला घेऊन तिकडं सरक. पंगत बाटंल." तिकडं म्हणजे गोठा. शेणाशेजारी पत्रावळी. मी माझी पत्रावळ पालथी घातली. बाप रागावला नाही.

मी तुमच्या बाबांना फोन लावला. "घरात व्हायोलिन आहे का रे?"

"व्हायोलिन? नाही. का?"

"आकॉर्दों नो व्ह्योलों."

दार लोटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "आई, तिकडचं ते तिकडंच राहू दे ना."

तिकडं. त्या चुलत्याचा शब्द. माझ्या पोटच्या पोराच्या तोंडून.

बाळांनो, तुमचे पणजोबा हलगी वाजवायचे. ते मातंग होते. आपण आहोत. हे मी तुम्हाला लिहून कळवते आहे आणि येत्या रविवारी तुमच्या आईबाबांसमोर पुन्हा सांगणार आहे. हलगी मांडीवर असेल.

तिला खुंट्या नसतात. कुणाच्या सुरात ती जुळवून घेता येत नाही. विस्तवावर शेकावी लागते.

शेगडी मी आधीच पेटवून ठेवीन.