‘काय नाय दुखत’ म्हणणाऱ्या आजी

मंडळी, आज ड्युटीवर माझी चूक एका आजींनी दाखवून दिली, तीही नकळत.

मी डहाणूत एका रुग्णालयात सिस्टर आहे. आजार पूर्ण बरा होणार नाही, पण त्रास नक्की कमी करता येईल, अशा पेशंटची नावं मी रोज सकाळी डॉक्टरांना देते. तलासरीकडच्या पाड्यावरून आलेल्या जयवंतीआजींचा कॅन्सर पसरलाय, तरी त्यांचं नाव मी दिलं नव्हतं. कारण चार दिवस विचारलं, चारही दिवस एकच उत्तर, "काय नाय दुखत, बाय."

आज चादर बदलताना सहज म्हटलं, "आजी, घरी असता तर आत्ता काय करत असता?"

"भाकऱ्या थापल्या असत्या. पन दिवाळीपासून खाली बसवतच नाय."

"अहो, मग सांगितलं का नाही?"

खाटेशी बसलेल्या सुनेकडे बघत त्या हळूच म्हणाल्या, "दुखतं म्हटला का तुम्ही वलसाडच्या मोठ्या दवाखान्यात धाडता. मला घरी जायचाय."

मी कपाळावर हात मारला. म्हटलं, "आजी, दुखण्याचं औषध इथंच मिळतं. ते घेऊन घरीसुद्धा जाता येतं."

डॉक्टरांनी लगेच औषध सुरू केलं. संध्याकाळी मी निघाले तेव्हा आजी खाटेवर मांडी घालून बसल्या होत्या आणि सुनेला सांगत होत्या, "भाकरीला नागली दळून ठेव."

तुमच्याही घरात ‘मला काही होत नाही’ म्हणणारं कुणी असेल. कुठं दुखतं ते विचारू नका. हल्ली काय करायचं सोडलंय, ते विचारा.