सासूशी झालेला दहा विनोदांचा सौदा

सासूवर विनोद करायला सासूची परवानगी लागते, हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं. तोवर पंचवीस वर्षं मी बिनपरवाना धंदा केला.

जत्रा, गॅदरिंग, हळदीकुंकू. एक माईक आणि एक सासू, एवढ्या भांडवलावर मी कोल्हापुरात घर बांधलं. (खऱ्या सासूबाईंना, म्हणजे आमच्या मामींना, यातलं अक्षरही ठाऊक नव्हतं. राधानगरीकडच्या त्यांच्या गावात मी कधी कार्यक्रमच घेतला नाही. मी तापट आहे, वेडा नाही.)

यंदा नेमकी त्याच गावच्या दूध संस्थेनं कार्यक्रमाची सुपारी दिली. जोडीला माझा मेहुणा सुहास. तोही विनोदवालाच, पण नव्या पद्धतीचा. पुण्यात कॅफेत उभा राहून चाळीस माणसांना स्वतःची दुःखं सांगतो. आमच्या धंद्यात शेवटी येतो तो मोठा कलाकार. तेव्हा शेवटी कोण, यावर आमचं जुंपलं होतं.

आदल्या दिवशी सासरवाडीच्या सोप्यात चहा पिता पिता मी त्याला पटवत होतो. तो सुट्टीला व्हिएतनामला जाऊन आला होता आणि तिथं हरवलेल्या बॅगेवर त्यानं तासाभराचा कार्यक्रम रचला होता. मी म्हटलं, आमची सुट्टी म्हणजे पावसाळा. जत्रा बंद, तोंड बंद. तो हसला नाही. (हे नवे लोक हसत नाहीत, मान डोलावून ‘भारी हाय’ म्हणतात.) मग त्यानं माझ्या सासूवरच्या विनोदांना हात घातला.

“दाजी, आता तसलं चालत न्हाय. ज्याच्यावर विनोद, त्याला आधी विचारायचं. न्हायतर स्वतःवर करायचा.”

“आणि मामी हो म्हणाल्या तर?”

“तर मी आधी उभा राहतो. शेवट तुमचा.”

मी चहा अर्धा टाकून गोठ्यात गेलो. मामी धार काढत होत्या. सगळं ऐकून घेतलं, धार काही थांबवली नाही.

“किती करणार?”

“दहा.”

“टावेल आणा.”

मामींनी जन्मभर म्हशींची खरेदी-विक्री केली. जनावरांच्या बाजारात आकडा तोंडानं बोलत नाहीत. टॉवेलाखाली एकमेकांची बोटं धरून ठरवतात, म्हणजे बघ्यांना कळत नाही. इथं बघी एकच होती आणि ती रवंथ करत होती. तरी टॉवेल पाहिजेच! बायको वैरण घेऊन आली, आई आणि नवरा हातात हात घालून उभे बघितले आणि तशीच माघारी गेली.

अट अशी, की मी जितके विनोद करीन तितकेच मामी माझ्यावर करणार, माझ्यानंतर. मी मनात हसलो. म्हशीशी बोलणारी बाई, माईकवर काय बोलणार? त्यांनी दोन बोटं धरली. मी दहावर अडलो. त्या तीन. मी टॉवेल झटकला, रागानं निघून जायचं नाटक केलं, दारातून परत आलो आणि पुरे दहा वसूल केले.

दुसऱ्या दिवशी मी माझे दहाही टाकले. गावानं प्रत्येक वेळी आधी मामींच्या तोंडाकडं बघितलं. मामी हसल्या नाहीत, मग गाव कशाला हसतंय? निम्म्या गावाच्या दावणीला त्यांनी दिलेली म्हैस होती.

मग मामी उठल्या. माईक पेंढीसारखा धरला.

“हे आमचं जावई. लग्नात अक्षता टाकायची येळ झाली, तर नवरदेव न्हाय. सगळा मांडव हुडकतोय. सापडलं कुठं? मांडवामागं. एक गाणं फुकट वाजव म्हणून बँडवाल्यासंगं भांडत हुतं.”

गाव कोसळलं. खोटी माहिती मला सहन होत नाही. मी जागेवरून ओरडलो, “एक नव्हं, दोन गाणी! आणि मिळवली हुती!”

गाव पुन्हा कोसळलं. सुहास डोळे पुसत होता.

उरलेले नऊ मी सांगणार नाही. त्यातला एकही रचलेला नव्हता, हीच माझी तक्रार आहे. पंचवीस वर्षं मी खोट्या सासूवर राबलो आणि खरा माल माझ्या अंगावरच होता. शिवाय शेवटी कोण आलं, हे मला मामींच्या टाळ्या थांबल्यावर उमगलं.

पुढच्या वर्षाची सुपारी मामींना गेली. मी तडक संस्थेच्या अध्यक्षांना गाठलं. ते म्हणाले, तुम्हीही पाहिजेच, पण स्टेजवर नको. पहिल्या रांगेत बसा, लोकांना तुमचं तोंड दिसलं पाहिजे. माझं डोकं फिरलं. अर्धा तास भांडलो, दोनदा उठून दारापर्यंत गेलो. शेवटी त्यांना माघार घ्यायलाच लावली.

प्लास्टिकच्या खुर्चीवर बसणार नाही म्हणजे नाही. गादीची, हातांची खुर्ची मिळवूनच उठलो.