खुर्चीच्या डाव्या बाजूला

गल्लीत त्यांना सगळे उस्ताद म्हणत. एका खुर्चीचं सलून, पण चाळीस वर्षांत कुणाच्या कानाला खरचटलं नव्हतं. माणसाचं डोकं बाहेरून त्यांना जेवढं ठाऊक होतं तेवढं फार थोड्यांना असेल. आत काय असतं याच्याशी त्यांचा संबंध नव्हता. गिऱ्हाइकांच्या बोलण्यावरून, आत फारसं काही नसावं असा त्यांचा अंदाज होता.

मग एका सकाळी त्यांच्याच डोक्यातली रक्तवाहिनी तुंबली. पंधरा दिवसांनी ते स्वतःच्या पायांनी चालत घरी आले. बोलणं स्वच्छ, हात स्थिर. थोडक्यात निभावलं, असं म्हणून लोक भेटून गेले.

पहिलं गिऱ्हाईक पोस्टमन. त्याची उजवी बाजू उस्तादांनी अशी कापली की बघत राहावं. मग कापड झटकून म्हणाले, "झालं."

"झालं? उस्ताद, डावीकडचं काय?"

"डावीकडचं कसलं?"

पोस्टमन टोपी घालून निघून गेला. त्या आठवड्यात असे तिघं गेले.

डॉक्टरांनी उस्तादांच्या बायकोला समजावलं. मेंदूचा पुढचा भाग बेत आखतो, मागचा पाहतो, खालचा छोटा मेंदू तोल सांभाळतो. ते सगळं शाबूत आहे. गेलाय तो एक तुकडा. त्यांनी तिच्याच डोक्यावर, उजव्या कानाच्या वर, जरा मागे बोट ठेवलं. डावीकडच्या जगाची दखल घेणं हे त्या तुकड्याचं काम. सुधारलं तर सहा महिन्यांत.

"डोळ्यांना दिसतं हो. पण डावीकडे काही आहे हेच मेंदूला पटत नाही."

"मग मी पटवते."

"बघा पटवून."

तिने सांगितलं तेव्हा उस्ताद हसले. तिने पोस्टमनची साक्ष काढली, तेव्हा कात्री खाली ठेवून भिंतीकडे तोंड करून झोपले. चार दिवस अन्न नाही, पाणीही बळेच. "कात्री सुटली की मीही सुटलोच समज," एवढंच बोलले. पुन्हा सांगायची तिची छाती झाली नाही.

पाचव्या दिवशी कसेबसे जेवायला बसले. उजवीकडचं अर्धं ताट चाटूनपुसून साफ केलं आणि ओरडले, "अगं, भाजी वाढायला काय झालं?"

भाजी डावीकडे होती. वाद घालायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. तिने ताट फिरवलं.

"हं, आता कशी वाढलीस!"

ती ताटाकडे बघतच राहिली. सलूनमधली खुर्चीही फिरते.

दुसऱ्या दिवसापासून ती खुर्चीपाशी उभी राहू लागली. एक बाजू झाली की खुर्ची फिरवायची. गिऱ्हाइकाचं तोंड उस्तादांकडे येई आणि राहिलेली बाजू त्यांच्या उजव्या हाताशी. "अरे, हे राहिलंच की," असं पुटपुटत ते तीही कापत. ‘मीही सुटलोच’ हे ती विसरली नव्हती, म्हणून वस्तरा तिने डावीकडच्या फळीवर उघडाच ठेवला. तिजोरीतही तो इतका सुरक्षित राहिला नसता.

अडचण एकच. उजवीकडे उभं राहिलं की कात्रीच्या हाताला धक्का लागे. म्हणून दिवसभर डावीकडे. तिथून ती बोलली की उस्ताद उजवीकडे वळून तिला शोधत, काम विसरत. मग तिने बोलणंही सोडलं.

सातवा महिना लागला तेव्हा शेजारचे मास्तर केस कापायला बसले होते. तिने खुर्ची फिरवली. आता मास्तरांना दोघंही समोर दिसत होती.

"वहिनींची तब्येत बरी आहे ना?" मास्तरांनी तिच्याकडे बघतच विचारलं.

"तिचं काय विचारता, मास्तर! दिवसदिवस दर्शन नाही. माणूस आजारी पडला की घरचेही पाठ फिरवतात."

"अहो उस्ताद, त्या तर इथंच..."

तिने घाईघाईने मानेनेच नको म्हटलं. खुर्ची धरलेला तिचा हात उस्तादांच्या डाव्या कोपरापासून वीतभर अंतरावर होता.

उस्तादांनी कंगवा झटकला. "कुठे भेटली तर सांगा तिला. म्हणावं, रागावलो नाही. ये म्हणावं."

"सांगतो," मास्तर म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले. केस डोळ्यांत जातात म्हणून.

कात्री पुन्हा चालू लागली.