वहिनीचे अकरा टब

आमची वहिनी सरळ बोलते, आणि तेच लोकांना झोंबतं. खोकी बनवायच्या कारखान्यात तिनं अठरा वर्षं काढली. कारखाना बंद पडला तेव्हा दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, तिला म्हणाला, आता घरी बस, आराम कर. ती म्हणाली, बसायला मांडी आहे, मन नाही.

त्याच सुमारास शेजारचे घर सोडून गेले आणि जाताना माशांची काचेची टाकी हिच्या गळ्यात मारून गेले. मासे आठवड्यात आटोपले. आतली रोपं मात्र अशी फोफावली की काच दिसेना. दुसरी कोणी असती तर उपटून फेकून मोकळी झाली असती. हिनं नखं कापायच्या कात्रीनं त्यांचे तुकडे केले, शिवणाच्या दोऱ्यानं गोट्यांना बांधले आणि घरात मासे पाळणाऱ्यांना विकायला लागली. दादा म्हणाला, पैसे पाण्यात घालणारे पुष्कळ पाहिले, पाण्यातून काढणारी पहिलीच. ती हसलीसुद्धा नाही. मागच्या खोलीत तिनं अकरा टब मांडले, वर ट्यूबलाइट लावल्या.

आता माझं सांगते. ती मागची खोली लग्नाआधी माझी होती. माझा संसार मोडला आणि दोन बॅगा घेऊन मी परत आले, तेव्हा माझ्या पलंगाच्या जागी टब. मला हॉलमधला सोफा मिळाला. काय संताप झाला म्हणून सांगू! ज्या घरात माणसाला खोली नाही, तिथं गवताला ट्यूबलाइट! मी दादाच्या मागे भुणभुण लावली. लाज वाटते सांगायला, पण लावली.

तेवढ्यात हिला मोठी ऑर्डर आली. बाजारात शोभेचे मासे विकणाऱ्या मासेवाल्याच्या दुकानात भिंतभर टाकी होती, तिच्यासाठी साठ रोपं, महिन्याभरात. दादानं तेव्हाच निकाल लावला: ऑर्डर जमली तर खोली टबांची, फसली तर बहिणीची. वहिनी कबूल झाली. मी मनातल्या मनात ती फसायची वाट बघायला लागले.

आणि तिनं घाई केली. पाण्याखाली ही रोपं गोगलगायीच्या चालीनं वाढतात. तिनं टबांतलं पाणी उतरवलं, मुळं तेवढी चिखलात ठेवली, पानं उघड्यावर आणली. हवेत ती भराभर वाढली, जाड, चकचकीत, बघणाऱ्याचा जीव जळावा अशी. साठच्या साठ दुकानात पोचली.

नवव्या दिवशी बोलावणं आलं. वहिनी निघाली, तिच्याबरोबर मीही गेले, खरं सांगायचं तर मजा बघायला. टाकीतली पानं काचेसारखी पारदर्शक होऊन गळत होती, पाणी वास मारत होतं. चार गिऱ्हाइकांसमोर मासेवाला म्हणाला, बाई, रोपं विकता की सडकी पालेभाजी?

वहिनीनं बाही सारली, कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि एकेका रोपाचा गड्डा दाबून पाहिला. मग त्याच्याकडे वळली.

"चूक माझी आहे. हवेत वाढलेली पानं पाण्यात टिकत नाहीत. पण गड्डे टणक आहेत, रोपं मेलेली नाहीत. पाण्यातली पानं त्यांना नव्यानं फुटतील. पंधरा दिवस हात लावू नका."

तो कशाला थांबतोय? त्यानं सगळी उपटून बादलीत टाकली. ती बादली मांडीवर घेऊन वहिनी बसमध्ये बसली, ताठ. माणसं नाक दाबून आमच्याकडे बघत होती. मी खिडकीबाहेर बघत राहिले, जणू ही बाई माझी कोणीच नाही.

घरी दादानं बादलीत वाकून बघितलं. वहिनी म्हणाली, शब्द दिलाय, खोली घ्या. पण ही बादली कचऱ्यात जाणार नाही. साठही बोडके गड्डे तिनं टबांत लावले, काठोकाठ पाणी भरलं आणि टब हलवले. गॅलरीत चार, ओट्याखाली तीन, न्हाणीघरात तीन. अंघोळीला उभं राहायची सोय उरली नाही. दादा ओरडला, तर म्हणाली, बसून करा.

अकरावा टब काही केल्या हलेना. तो राहिला त्या खोलीतच, माझ्या अंथरुणाच्या पायथ्याशी.

खोली मिळाली, पण रोज सकाळी डोळे उघडले की समोर ते सहा बोडके गड्डे. बाराव्या सकाळी एकावर काहीतरी दिसलं. नखाएवढं, पातळ, फिकट हिरवं. आधीच्या पानासारखं मुळीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तीन होती. मी टबाशी उकिडवी बसले आणि मला रडूच फुटलं. परत आल्यापासून जो तो माझ्याबद्दल म्हणत होता, संपलं आता हिचं. मीही मान डोलवत होते. आणि त्या बसमध्ये एकटी वहिनी होती, न संपलेलं सांभाळून घेऊन बसलेली, आणि मी तिला ओळख दाखवली नव्हती.

मी उठले. न्हाणीघरातला पहिला टब अर्धा उपसला आणि ओढत ओढत खोलीत आणला. मग दुसरा. तिसऱ्याच्या वेळी दादा आडवा आला.

"हे काय चाललंय? खोली तुला दिली ना?"

"दिलीस ना? मग माझ्या खोलीत काय ठेवायचं ते मी ठरवीन."

दादा वाटेतून बाजूला झाला. पुढे कधीतरी मासेवालाही रोपं मागत दारात आला, पण ती त्याची गोष्ट आहे, आमची नाही.

वहिनी दारात उभी होती. तिनं अकराव्या टबात वाकून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. वाटलं, आता जवळ घेईल. तिनं तिसऱ्या टबाचा दुसरा कान धरला.

"ओढू नकोस," ती म्हणाली. "उचल. मुळं हलतात."