विमानाच्या झाकणाची पट्टी

मी विरारला मनवेलपाड्यात दुकानांचे बोर्ड बनवतो. अ‍ॅक्रिलिकची अक्षरं कापायची, चिकटवायची, मागून लाइट लावायची. शाळा चौथीत सुटली, त्यामुळे अक्षरं मी वाचत कमी आणि कापत जास्त. असल्या माणसाला कोणी विमानाला हात लावू देईल का? एका शहाण्याने लावू दिला.

तो शहाणा म्हणजे काका. वसईला फ्लॅटमध्ये राहतात. जन्मभर मुंबईत एका वर्कशॉपला होते. रिटायर झाल्यावर माणसं देवळात जातात, नाहीतर सोसायटीच्या कमिटीत जाऊन दुसऱ्याचं डोकं खातात. हे कामणला चुलतभावाच्या गोदामात विमान बनवत बसले. दोन माणसं बसतील एवढं, खरंखुरं, उडायचं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं कोणीतरी रिक्षाला पंख लावलेत. तसं बोललो पण.

काका म्हणाले, "रिक्षा तुला जमते का बनवायला?"

"नाही."

"मग गप उभा राहा."

विमानाच्या डोक्यावर अ‍ॅक्रिलिकचं झाकण होतं, साबणाचा फुगा मधून कापावा तसं गोल. हे तिसरं. पहिल्याला तडा गेला, दुसरं भट्टीत तापवताना मुडपलं. झाकण आणि त्याची चौकट, यांच्यात सगळीकडून बोटभर फट होती. ती बंद करायला फायबरची पट्टी बसवायची होती. अ‍ॅक्रिलिकचं काम म्हणून मला बोलावलं होतं.

घाई अशी होती की चुलतभावाला दिवाळीच्या आत गोदाम रिकामं हवं होतं. घाटावर एका माणसाची शेतात छोटी धावपट्टी आणि शेड होती. तो विमान ठेवून घ्यायला तयार होता, पण त्याच्या शेडचं छप्पर गळकं. तो म्हणालेला, झाकण घट्ट बसत असेल तरच आणा, नाहीतर तुमचं विमान म्हणजे माझ्याकडे पाण्याचा हौद. दसऱ्याला तो स्वतः बघायला येणार होता.

आणि त्याने नाही म्हटलं, तर गिऱ्हाईक दारातच उभं होतं. गोदामासमोर रोडवर एक भजीवाला आहे. त्याला ते विमान हॉटेलच्या छपरावर चढवायचं होतं. "आत दोन खुर्च्या हायेतच," तो म्हणायचा, "फॅमिली रूम करीन." हे ऐकलं की काकांचा चेहरा पाणी सुटलेल्या दह्यासारखा व्हायचा. रविवारी बिल्डिंगमधली माणसं गाड्या घेऊन विमान बघायला यायची, ती पण शेवटी भजीच खायला जायची. एकाने तर विचारलं, "काका, अ‍ॅव्हरेज काय देतं?" आपल्या लोकांना स्वर्गात नेलं तरी तिथलं पार्किंग विचारतील. मी हसलो त्याला. मी काय कमी होतो ते आता सांगतो.

काकांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "बोर्डवाल्या, ही पट्टी तू कशी लावशील?"

"चार चार बोटांवर स्क्रू, वरनं सिलिकॉन. परत बघायला नको."

"पहिलं झाकण तसंच गेलं. भोकापासून तडा निघाला तो पार डोक्यापर्यंत."

"मग ड्रिल मारणारा गाढव असणार."

"मीच मारलं होतं."

मी ड्रिल परत पिशवीत टाकलं. काकांनी सांगितलं, अ‍ॅक्रिलिक उन्हात वाढतं, थंडीत आखडतं. स्क्रूने आवळून धरलं तर कुठेतरी फुटणारच. म्हणून पट्टी गोंदानेच चिकटवायची, आणि गोंद पण रबरासारखा, जरा ताणला जाईल असा. "आणि एक ऐक. थिनर या गोदामाच्या दारात आणायचा नाही. अ‍ॅक्रिलिकला खातो तो."

मी मान हलवली. मी जन्मभर बोर्ड थिनरनेच पुसलेत. मग थोड्या दिवसांनी त्यात बारीक चांदीसारख्या रेषा यायच्या. गिऱ्हाईक विचारायचं, हे काय? मी सांगायचो, ऊन. सगळा वसई-विरार माझ्या या उन्हात चमकतोय.

पट्टी मात्र मी चांगली लावली. खोटं कशाला बोलू, एवढं एकच काम आहे सांगण्यासारखं. झाकणावर ओरखडे पडू नयेत म्हणून चिकटवलेला प्लास्टिकचा कागद फक्त कडेपुरता काढला. गोंद बसणार तेवढीच जागा पॉलिश पेपरने घासली, वर टेप मारून रेघ धरली. काळा गोंद एका दमात ओढला. पट्टी बसवली आणि सायकलच्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापून झाकणाला आडव्या आवळल्या, बाळंतिणीचं पोट बांधतात तशा. झाकण चौकटीवर बंद करून ठेवलं, म्हणजे आकार हलणार नाही.

काका सगळीकडून बोट फिरवून म्हणाले, "बरी बसवलीस."

तिथेच घात झाला. शिव्या मला पचतात, त्यांच्यावरच वाढलोय. कौतुक झालं की अंगात येतं.

खंडेनवमीला काका लवकर घरी गेले. चावी मला दिली. "संध्याकाळी ट्यूब सोड. बाकी कशाला हात लावू नकोस."

ट्यूब सोडल्या. पट्टी एकदम जागेवर. पण बाकीच्या झाकणावर तो कागद तसाच, धुळीने माखलेला, कोपरे फाटलेले. आमच्या मनवेलपाड्यात खंडेनवमीला रिक्षावाला रिक्षा धुतो, पंक्चरवाला कॉम्प्रेसर धुतो, माझी बायको मिक्सरला पण कुंकू लावायच्या आधी घासते. मळकी वस्तू पूजेला ठेवायची नाही. आणि उद्या एवढी माणसं येणार, त्यात माझं काम बघायला घाटावरचा पाहुणा. मी कागद ओढून काढला.

कागद निघाला, त्याचा गम राहिला. कडेकडेने चिकट पट्टेच्या पट्टे. ओल्या फडक्याने पुसलं, आणखी पसरला. आता तुम्हाला वाटेल मी थिनर आणला. नाही. मी काकांचा शब्द मोडणारा माणूस नाही. बाइकच्या टाकीत फडकं बुडवलं आणि पेट्रोलने पुसलं. आमच्याकडे दसऱ्याला चेन, रिम, हात, सगळं पेट्रोलनेच पुसतात.

काय चकाकलं. झेंडूची माळ चढवली, मोबाइलवर फोटो काढला आणि स्टेटसला लावला, 'आपलं विमान'. ज्याने पट्टी लावली त्याचं 'आपलं'. उद्या न्हावी पण नवरदेवाला आपला म्हणेल.

दसऱ्याला सकाळी काका आले, काकू आल्या, घाटावरचे पाहुणे आले. भजीवाला ताटात गरम भजी घेऊन आला, न बोलावता. मी शटर वर केलं. ऊन सरळ झाकणावर पडलं.

पट्टीच्या वरून, सगळीकडून, हातभर उंचीपर्यंत चांदीच्या रेषा. कोळ्याने रात्रभर बसून जाळं विणावं तशा. मी त्या लगेच ओळखल्या. माझंच ऊन होतं ते.

काका हळू आवाजात म्हणाले, "कशाने पुसलंस?"

"थिनर नाही लावला."

"काय लावलंस?"

"पेट्रोल."

काकू म्हणाल्या, "ऐकतो हो मुलगा. सांगितलं तेवढं बरोब्बर ऐकलं." मुलगा म्हणजे मी, डोक्यावर अर्धे केस.

काकांनी झाकण उचललं. "बस आत."

"कशाला?"

"बस."

बसलो. काकांनी वरून झाकण लावलं. ऊन समोरून आलं आणि त्या रेषांनी पेट घेतला. कुठेही बघा, नुसता चकचकाट. समोरचं दार दिसेना, तिथे धावपट्टी काय दिसणार. घाम सुटला. बाहेर चौघं माझ्याकडे बघत उभे होते. काचेच्या पेटीत उरलेल्या ढोकळ्याकडे बघतात तसे.

पाहुणे दुसऱ्या बाजूला होते. तिथे माळ आडवी आली होती, त्यांना काही दिसलं नव्हतं. त्यांनी पट्टीवर बोट फिरवलं, फट शोधली, सापडली नाही. म्हणाले, "झाकण छान बसलंय."

मी आतून काकांकडे बघितलं. त्यांनी 'हो' म्हणावं म्हणून मी मनात नवस बोलत होतो. बोर्डाच्या धंद्यात जे दिसत नाही ते बिघडलेलं नसतं.

काका म्हणाले, "बसलंय, पण बाद आहे. पेट्रोल लागलंय. पाणी अडवेल, वारा नाही अडवणार. हे घेऊन मी उडणार नाही." आणि माळ बाजूला करून त्यांना रेषा दाखवल्या.

पाहुणे वाकून बघत राहिले. मला वाटलं, गेलं. भजीवाला तर छपराचं माप घ्यायच्या तयारीत होता.

"माझं छप्पर गळतं," पाहुणे शेवटी म्हणाले. "मला पाणी अडवणारंच पाहिजे. आणा तुम्ही. उडायचं झाकण तिथे बनवा."

काकूंनी हात जोडले, देवाला की पाहुण्यांना कळलं नाही. भजीवाल्याने ताट उचललं. मला बाहेर काढायचं कोणाच्या लक्षातच नव्हतं. मी आतून टकटक केलं, तेव्हा भजीवाला परत फिरून माझ्याकडे बघत उभा राहिला. जरा जास्तच वेळ.

"काका," तो म्हणाला, "हे झाकन नंतर कोनाला द्यायचं नाय. आत माशी जात नाय, बगा. हा मगापास्नं बसलाय, एक माशी नाय त्याच्यावर."

विमान ट्रकवरून घाटावर गेलं. थंडीत काकांनी चौथं झाकण बनवलं. पट्टी त्यांनी स्वतः लावली. मला बोलावलं होतं टेप धरायला. आत जायच्या आधी माझे खिसे तपासले आणि बाइक बांधाच्या पलीकडे लावायला सांगितली. ते विमान उडालं. मी खालून बघितलं, त्यातलं माझं काही नव्हतं, म्हणून नीट उडालं.

जुनं झाकण कामणला परत आलं. भजीवाल्याच्या काउंटरवर मीच बिजागरी लावून बसवून दिलं. दोन पावसाळे झाले, ट्रक जातात तेव्हा सगळं हॉटेल हादरतं, पण माझी पट्टी एका जागी सुटलेली नाही. असली मजबूत पट्टी कांदाभज्यांना साऱ्या जिल्ह्यात कोणाची नसेल.

परवा तिथे चहा पीत होतो. एका बाईने झाकणाकडे बोट दाखवून विचारलं, "या कसल्या हो रेषा?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात भजीवाला माझ्याकडे मान उडवून म्हणाला, "ह्यानं पेट्रोलनं पुसलंय. तुमी भजी घ्या, त्यांना नाय लागलेलं."