राबावरची खुंटी

"थांबा सायेब, चाखू द्या." खुंटी ठोकण्याआधी तो चिमूटभर माती जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "गोड हाय." नाहीतर थुंकून, "खारी!" मी मोजणीदार, तो माझी साखळी ओढणारा. कुंभवलीचा शेतकरी, वयाने माझ्या वडलांएवढा.

साठीच्या दशकातली गोष्ट. तारापूरला वीजकेंद्र उभं राहत होतं आणि वरून हुकूम आला होता, पुढच्या तीस वर्षांत इथली कुठली जमीन कशाला लागेल त्याचा नकाशा करा. तीस वर्षांचा! आम्ही हसलोच. "तवर माजी नातवंडं लावनी करतील," तो म्हणाला. मीही म्हटलं, "अहो, नुसता कागद आहे. कुणाला धक्का लागत नाही."

हे मी म्हटलं बरं का. मीच.

नकाशात कारखान्यांसाठी धरलेल्या पट्ट्याची सरळ रेघ त्याच्या खाचराच्या मधून जात होती. अर्धं आत, अर्धं बाहेर. खुंटी नेमकी आली राबावर, म्हणजे भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून भाजलेल्या वाफ्यावर. तो हातोडा घेऊन उभाच राहिला.

"राबात खुंटी मारायची नाय सायेब. रोप धरत नाय."

"मग?"

"पल्याडच्या बांदावर मारतो."

मारली. त्यामुळे सगळं खाचर रेघेच्या आत आलं. मला कळत होतं हो! पण उन्हाने डोकं फिरलेलं, म्हातारा खूश, आणि कागदच तर होता. मी रेघ वाकवली.

तीस वर्षं कसली, दुसरं पीक निघायच्या आत नोटीस आली. रेघेच्या आतलं सगळं जाणार. त्याला ती मीच वाचून दाखवली. तसाच वरच्या साहेबांकडे धावलो, पाया पडलो. "खुंटी तुमची, सही तुमची," ते म्हणाले.

मी त्याच्यासमोर रडलो. तो म्हणाला, "गप ऱ्हावा सायेब. ठोकली कोनी? मीच ना?" त्यापेक्षा शिवी हासडली असती तर बरं झालं असतं.

पुढे तो सरावलीला एका खोलीत राहिला आणि तिथेच गेला. "दारातली माती चाखायचे आनि थुकायचे," सून सांगत होती.

कधी कुंभवलीकडे गेलात तर बघा. कारखान्याची भिंत सरळ येते आणि मध्येच अर्ध्या खाचराएवढी बाहेर वळते. लोक म्हणतात, इंजिनिअर प्यालेला असणार. नाही हो. तिथे राब होता, आणि राबात खुंटी मारायची नव्हती.