एकतीस आवाज आणि तीन सुपं

मला पसारा सहन होत नाही, आणि ह्याच गुणानं माझा घात केला.

पीएचडीचं सातवं वर्ष चालू होतं. मी भोरच्या एका कॉलेजात शिकवते, राहते उत्रोलीत. विषय घेतला होता इर्जिकीचा. भातलावणीला सगळ्या बायकांनी मिळून आज एकीच्या खाचरात राबायचं, उद्या दुसरीच्या. मजुरी नाही, दिवसाला दिवस द्यायचा, ती इर्जिक. उत्रोली, किकवी आणि गुंजवणे अशा तीन गावांतल्या अठ्ठेचाळीस बायकांशी बोलले, सगळं मोबाईलमध्ये रेकॉर्ड केलं. नावं विचारायची नाहीत असा संशोधनाचा नियम, म्हणून प्रत्येक फाईलला गाव आणि आकडा. भिंतीवर तारखांचा तक्ता, प्रकरणागणिक रंगीत चिठ्ठ्या. कॉलेजातल्या मैत्रिणी तो तक्ता बघायला घरी यायच्या आणि मी कौतुकानं फुगायचे.

मुदतवाढ एकदा घेऊन झाली होती. जूनअखेर प्रबंध दिला नाही तर नोंदणीच रद्द. अशात मे महिन्यात नवा मोबाईल घेतला आणि मला हुक्की आली, की आता फाईली कशा छान ओळीनं लावून टाकू. एका फटक्यात सगळ्यांना एक ते अठ्ठेचाळीस नवे आकडे दिले, जुना मोबाईल पुसून नणंदेला देऊन टाकला. संध्याकाळी वही उघडली तर वहीत जुने आकडे, मोबाईलमध्ये नवे, आणि गावांचा पत्ताच नाही. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

ऐकून ऐकून सतरा आवाज ओळखले. एकतीस राहिले. मार्गदर्शक मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "कोण कुठल्या गावची ते सांगता येत नसेल, तर चौथं प्रकरण काढावं लागेल." चौथं काढलं की राहतं काय? प्रस्तावना आणि आभार! मी तक्ता भिंतीवरून ओरबाडून काढला आणि ओट्याला टेकून ढसाढसा रडले.

माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, तांदूळ निवडत बसल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग त्यात काय? ज्यांचं बोलणं, त्यास्नीच इचार की."

"आत्या, एकतीस बायका आहेत! कुणाकुणाच्या दारात जाऊ मी?"

"तू कशाला जातीस? त्याच येतील."

मला वाटलं, समजूत काढायला बोलल्या. पण बाजारच्या दिवशी त्यांनी भोरात निरोप सोडला: सूनबाईचं काम आडलंय, एक दिस द्या.

आणि अहो, त्या खरंच आल्या! किकवीच्या एसटीनं, गुंजवण्याच्या एका टेम्पोत दाटीवाटीनं, स्वतःच्या भाकरी फडक्यात बांधून. पडवीत चपला मावेनात. मी दारात नुसती बघत उभी. या बसा म्हणायचंही सुचलं नाही.

"तुमचं बोलणं सगळ्यांसमोर लावलं तर चालेल ना?" मी विचारलं.

"आमी काय चोरून बोललो व्हय?" एकीनं झापलं, आणि काम सुरू झालं.

आत्यांनी मधोमध तीन सुपं मांडली, गावाला एक. बायका लावणीसारख्या ओळ धरून बसल्या. मी फाईल लावायची, आवाज ओळखला की आकड्याची चिठ्ठी त्या गावच्या सुपात.

"अगं बया, ही तर मीच! केवढी बोलतीया!"

"ही किकवीची. माझी थोरली जाऊ. बोलणं संपलं की नाक वढती बघ."

"हितं मागं पत्रा वाजतोय, ऐकलंस? गुंजवण्याची हाय ही. माझ्या शेजारची. तिच्या गोठ्याचा पत्रा सुटलाय कवाधरनं."

तो आवाज मी पन्नास वेळा ऐकला असेन. पत्रा मला एकदाही ऐकू आला नव्हता. ज्या बायका येऊ शकल्या नव्हत्या, त्यांनाही ह्यांनी नुसत्या खोकण्यावरून, हसण्यावरून ओळखलं. एका आवाजावरून दोघींची जुंपली, तर थेट तिलाच फोन लावून खात्री केली. सात वर्षं मी ह्यांना प्रबंधात 'माहितीदात्या' असं लिहीत होते. मला माझीच लाज वाटली.

चारच्या सुमाराला एकतिसावी चिठ्ठी सुपात पडली. चहा झाला. "येवढं लिवलंस, तर वाचून दाखीव की," एकजण म्हणाली. मी ऐटीत शेवटचं पान काढलं.

"यंत्रं, मजुरी आणि स्थलांतर यांमुळे या तीनही गावांतून इर्जिक आता नामशेष झाली आहे."

"नामशेष म्हंजी?"

"म्हणजे... संपली."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आत्या सुपातल्या चिठ्ठ्या सारख्या करत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "मग आज ह्या कशाला आल्या व्हत्या?"

मी उठून आत गेले आणि प्रत्येकीसाठी काढून ठेवलेले खण घेऊन बाहेर आले. एकीनंही हात लावला नाही.

"खण ऱ्हाऊ दे," गुंजवण्याची ती पत्र्याची खूण सांगणारी म्हणाली. "लावणीला ये. दिस दिलाय, दिस दे."

ते वाक्य मी त्याच संध्याकाळी खोडलं. शेवटचं प्रकरण नव्यानं लिहिलं आणि मुदतीच्या चार दिवस आधी प्रबंध दिला. भिंतीवर आता दुसरा तक्ता आहे, कुणाच्या खाचरात कधी जायचं त्याचा. पहिल्या लावणीत माझी सगळी रजा संपली तरी सगळ्यांचे दिवस फिटले नाहीत. पायांना चिखल्या झाल्या, कंबर धरली. गुंजवण्यात तर माझी ओळ वाकडी गेली, तशी पलीकडून हाक आली, "एवढी शिकलीस, जरा सरळ लाव की गं!"

मी ती रोपं उपटली आणि पुन्हा लावली.